कोरडा दोरा

महानंदानं ज्वारीची पाटी डोक्यावरून उतरवायला मान खाली घातली, पदर खांद्यावरून सरला, आणि बंडप्पाला तिचा गळा दिसला. गळ्यात काळी पोत होती. पोतीखाली लिंगाचा दोरा नव्हता. बंडप्पानं उपरण्यानं डोळ्यांवरचं पीठ पुसलं आणि पुन्हा पाहिलं. दुसऱ्याच्या बायकोच्या गळ्याकडं असं बघू नये हे त्याला कळत होतं, पण नजर तिथून निघेना. दोरा असायचा तिथं कातडीवर फिकट रेघ होती. लहानपणापासून ज्या जागेला ऊन लागलं नाही, तिची रेघ. मग महानंदानं पदर सावरला आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली, दळणाला आलेली कुठलीही बाई राहते तशी.

लिंगायताच्या घरात मूल जन्मलं की स्वामी येऊन त्याच्या गळ्यात लिंग बांधतो. ते पुढं माती होईपर्यंत गळ्यातून उतरत नाही. अंघोळीला नाही, आजारपणात नाही, बाळंतपणातही नाही. चुकून दोरा तुटला तर नवा बांधेपर्यंत माणूस घास तोंडात घालत नाही. बंडप्पाच्या आईनं तापाच्या भ्रमात असतानाही एका हातानं लिंग धरून ठेवलं होतं. लिंग हातानं काढून ठेवणारी बाई बंडप्पानं आयुष्यात एकच पाहिली होती. म्हणजे तिला काढताना पाहिलं नव्हतं. काढून ठेवलेलं लिंग पाहिलं होतं.

इंजिन चालू होतं. धाराशिवात तेव्हा पिठाच्या गिरण्या थोड्याच होत्या, आणि मठाच्या गल्लीतली ही बंडप्पाची. पुढं गिरणी, मागं घर. इंजिन चालू असताना आत कुणाला कुणाचं ऐकू येत नसे. बाया हातानं खुणा करत. बारीक दळायचं तर चिमटीत बोटं चोळून दाखवत, जाडसर हवं असलं तर तळहात हलवत. महानंदानं कुठलीच खूण केली नाही. तिनं पाटीच्या वरची चाळणी उचलली आणि त्याच्यापुढं धरली. पितळेच्या काठाची ती चाळणी बंडप्पानं ओळखली. शिवगंगेची होती. महानंदा त्याच्या कानाशी येऊन मोठ्यानं म्हणाली, "वैनीची हाय. माझ्याकडंच राहिली होती." त्यानं चाळणी घेतली. बरं झालं, घरात चाळणी नव्हतीच, असंही त्याच्या मनात आलं. माणसाचं मन कसं असतं बघा. तो गळा डोळ्यांपुढून हलत नव्हता, आणि हे चाळणीचा हिशेब करतं.

मग त्यानं पाटी उचलली आणि ती जड लागली. महानंदाच्या घरात दोनच माणसं, ती आणि तिची सासू. नवरा विरुपाक्ष सोलापुरात कापडाच्या गिरणीत, महिन्या-दीड महिन्यानं यायचा. दोन बायांना एवढं दळण कशाला लागतंय. घरातली सगळी ज्वारी आणली असावी. त्यानं पाटी दगडावरच्या पेटीत ओतली, दगड बोलू लागला, खालच्या डब्यात गरम पीठ पडू लागलं. त्याचे हात नेहमीची कामं करत होते. बाकीचा तो कुठं होता त्याला कळत नव्हतं.

शिवगंगा गेल्याला वर्ष होत आलं होतं. गेली, असंच सगळे म्हणत. बारवेत पाय घसरून गेली. बारवेच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, घागर जड असते, पाय घसरायला काय लागतं. बंडप्पा तेव्हा गिरणीतच होता. कुणीतरी दारात उभं राहून हात हलवत होतं आणि त्याला वाटलं, जाडसर दळायची खूण आहे. त्यानं मान हलवली आणि काम चालू ठेवलं. मग त्या माणसानं आत येऊन त्याचा दंड धरला. त्या दिवसाचं नंतरचं त्याला तुकड्यातुकड्यानं आठवे. घराच्या दारात ठेवलेल्या दोन भरलेल्या घागरी. ओल्या लुगड्याचा वास. त्याला कुणीतरी आत पाठवलं, नवं लुगडं काढून द्यायला. तो देवघरासमोरून गेला आणि देवापुढं, कुंकवाच्या करंड्याच्या शेजारी, शिवगंगेचं लिंग ठेवलेलं त्याला दिसलं. दोरा नीट गुंडाळून, वर बेलाचं पान ठेवून. त्यानं ते मुठीत घेतलं. लुगडं दुसऱ्या हातात. बाहेर आला तेव्हा बायांनी तिला न्हाऊ घालायला आडोशाला घेतलं होतं.

माती द्यायच्या वेळी, खड्ड्यात तिला बसवलं, कपाळाला भस्म लावलं, आणि शांतलिंग स्वामींनी तिच्या डाव्या तळहातावर लिंग ठेवायला हात पुढं केला. लिंग, एवढंच म्हणाले. बंडप्पानं मूठ उघडली. स्वामींनी लिंग उचललं, आणि दोरा त्यांच्या बोटांत थांबला. दोरा कोरडा होता. बारवेतून काढलेल्या बाईच्या गळ्यातला दोरा कोरडा कसा राहील. स्वामींनी त्याच्याकडं पाहिलं. बंडप्पाला वाटलं, आता हे विचारतील, आणि आपल्याला उत्तर द्यावं लागेल, आणि उत्तर दिल्यावर आपण उभं राहू शकणार नाही. स्वामी मागं वळून जमलेल्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, दोरा तुटून लिंग काठावरच पडलं होतं, शिवाची कृपा, लिंग पाण्यात गेलं नाही. माणसांनी माना हलवल्या. कुणीतरी म्हणालं, पाय घसरतानाच तुटला असणार. पोलिसांचे अमीनसाहेब चौकशीला आले तेव्हा त्यांनाही तेच सांगितलं आणि तेही पाच पंचांच्या तोंडी तेच लिहून घेऊन गेले. बाईमाणसाला दवाखान्यात नेऊन कापाकापी नको, घराला बट्टा नको. सगळ्यांनी सांभाळून घेतलं. बंडप्पा त्या दिवशी स्वामींच्या पायांवर डोकं ठेवून रडला होता. कोरडा दोरा तिच्याबरोबर मातीत गेला. आता ते फक्त दोघांना ठाऊक होतं.

वर्षभर तो असं धरून चालला होता. दोघांना.

वर दाणे कमी होत चालले होते. मधे खळगा पडला होता आणि काठावरचे दाणे त्यात घसरत होते. महानंदा भिंतीशी तशीच उभी होती. तिच्या चेहऱ्यावर रडं नव्हतं, राग नव्हता. उलट पावसाळ्यात तिची तान्ही लेक गेली तेव्हापासून असायचं ते ओढलेलं तोंड आज सैल झालं होतं. केस विंचरलेले होते. बंडप्पाला त्याचीच भीती वाटली. शिवगंगाही शेवटच्या दिवसांत अशीच दिसत होती, आणि तो शांताक्काला, आपल्या थोरल्या बहिणीला, म्हणालाही होता की हिचं आता बरं चाललंय.

लेक गेल्यावर महानंदाकडं गल्लीतल्या सगळ्या जाऊन आल्या होत्या. तरणी आहेस, दुसरं होईल, म्हणाल्या होत्या. तिची सासू गिरिजाबाई कुणाला तरी सांगत होती की सून रात्री झोपत नाही, उठून दारात बसते, उगाच थेर. हे बंडप्पानं ऐकलं होतं, पण दळणाच्या बायांचं बोलणं म्हणून कानाआड केलं होतं. शिवगंगेच्या वेळीही असंच झालं होतं. ती गेल्यानंतर एकेक माणूस येऊन एकेक सांगून गेलं. कासारीण म्हणाली, बांगड्या भरायला बोलावलं तर म्हणाली, आता कशाला. शांताक्का म्हणाली, सगळ्या वाकळा धुऊन काढल्या एका दिवसात, मी म्हटलं एवढी घाई काय आहे. शेजारीण म्हणाली, माझ्याशी कधी न बोलणारी बाई, त्या दिवशी माझ्या नातवाच्या तोंडावरून हात फिरवून गेली. आणि वाती. शिवगंगेनं फुलवाती वळून डबा भरून ठेवला होता. शांताक्का त्यातली रोज एक लावायची. दिवे लागले की बंडप्पा त्या वातीकडं बघायचा आणि त्याला वाटायचं, ही तिनं वळताना पुढं कोण लावणार हे ठरवलं होतं. वाती सरल्या तेव्हा शांताक्कानं त्याला सांगितलं नाही. दुसऱ्या कापसाची ज्योत वेगळी दिसली, त्यावरून त्याला कळलं. सगळ्यांपाशी एकेक दाणा होता, कुणाच्याच हातात मूठ नव्हती. आणि जी माणसं सांगून गेली त्यांनीही शेवटी उसासा टाकून म्हटलं होतं, पण पाय घसरायचा होता, घसरला.

का, हे त्याला अजून कळलं नव्हतं. वर्षभर तो कारण शोधत होता. मूल झालं नाही म्हणून, तर त्याबद्दल ती कधी बोललीच नव्हती. आपण काही बोललो होतो का, तर आठवत नव्हतं. आठवत नव्हतं हेच त्याला जास्त खात होतं. एकदा शांताक्का भाकरी थापताना म्हणाली होती, तुझी ही गिरणी आली आणि घरातलं जातं कोपऱ्यात गेलं. बंडप्पाला ते लागलं होतं. बायांचे हात सुटले म्हणून त्याला गिरणीचा केवढा अभिमान. शांताक्का म्हणाली, हात सुटले, ते खरंच हाय, पण जात्यावर दोघी समोरासमोर बसायच्या, एकीचा हात दुसरीच्या हातावर, तोंडाकडं बघावंच लागायचं, जे सासूला सांगता येत न्हाय ते जात्याला सांगायचं, समोरची ऐकायची. तुझ्या इंजिनात काय ऐकू येतंय. तो तेव्हा उठून गेला होता.

आता इंजिनात खरोखर काही ऐकू येत नव्हतं. दाणे निम्म्याच्या खाली गेले होते. दळण संपलं की महानंदा पाटी डोक्यावर घेईल, दारातून बाहेर पडेल, आणि बंडप्पा पुढच्या बाईची पाटी ओतील. बाहेर लिंबाखाली बाया बसल्या होत्या. स्वामीही होते, भिक्षेचं धान्य दळायला झोळी घेऊन. बंडप्पा विधुर माणूस. नवरा परगावी असलेल्या बाईशी काय बोलणार. तुझ्या गळ्यात लिंग का नाही, असं विचारायचं म्हणजे तिच्या गळ्याकडं पाहिलं हे कबूल करायचं. आणि कदाचित नसेलच काही. दोरा तुटला असेल, बदलायला दिला असेल. आपल्याच मनात ते बसलंय म्हणून आपल्याला सगळीकडं तेच दिसतं. शांताक्काला सांगावं संध्याकाळी. गिरिजाबाईच्या कानावर घालावं. पण सांगायचं तरी काय. आणि समजा विचारलं, आणि तिच्या मनात नसलेलं आपण घातलं तर. असलं तोंडानं काढू नये, काढलं की खरं होतं, असं म्हणतात. शिवगंगेच्या बाबतीत कुणीच तोंडानं काढलं नव्हतं. तरी खरं झालं होतं.

त्यानं हात पुढं केला आणि इंजिन बंद केलं.

दळण चालू असताना कुणी इंजिन बंद करत नाही. दगडात दाणा अडकतो, दगड एकमेकांना धरतात, ते उचलून साफ करावे लागतात. त्यात ते जुनं इंजिन, त्याचं डोकं जाळावर लाल होईपर्यंत तापवल्याशिवाय चालू होत नसे. जर्मनची लढाई संपली तरी इंजिनाचं तेल अजून परवान्यावरच मिळत होतं. चाकाचा वेग मोडत गेला, पट्टा फडफडला, आणि सगळं थांबलं. गिरणीत एवढी शांतता बंडप्पानं दुपारच्या वेळी कधी ऐकली नव्हती. पीठ खाली बसत होतं त्याचाही आवाज येतोय असं त्याला वाटलं. महानंदानं दचकून वर पाहिलं.

आवाज बारीक ठेवून तो म्हणाला, "महानंदा, लिंग कुठं हाय तुझं?"

तिचा हात गळ्याशी गेला.

"देवापुढं ठिवलंस?"

ती त्याच्याकडं बघत राहिली. तो दगडाच्या चौकटीला धरून उभा राहिला. पुढचं वाक्य त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ते तो कुणाला बोलेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"जीव द्यायचं मनात आणलंस का, पोरी?"

ती हळूच खाली बसली, पिठाच्या डब्याशेजारी, पाय दुमडून. जणू फार लांबून चालत आली होती आणि बसायला कुणी म्हणेल याची वाट बघत होती. मग म्हणाली, "तुमाला कसं कळलं, अण्णा?"

वर्षभर जे त्यानं तोंडातून बाहेर येऊ दिलं नव्हतं ते आता बोलावं लागणार होतं. ते बोललं की शिवगंगेच्या अंगावरची ती कृपेची माती निघणार होती, असं त्याला वाटलं. पण समोरची ही पोर जिवंत होती.

"शिवगंगेनंबी तसंच ठिवलं होतं," तो म्हणाला. "तिचा पाय घसरला न्हवता."

महानंदा म्हणाली, "मला ठाव हाय."

त्याला समजलं नाही. ती शांतपणे सांगत होती. "आमी चौघी-पाचजणींनी न्हाऊ घातलं त्यांना. गळा मोकळाच होता. तुटलेल्या दोऱ्याचा वळ न्हवता, काय न्हवतं. मग तुमी मुठीतनं काढून दिलं ते समद्यांनी बघितलं. बायांना समद्यांना ठाव हाय, अण्णा. तुमाला वाईट वाटंल म्हून कुणी बोलत न्हाय."

बंडप्पा खाली बसला. बसताना डब्याचा काठ लागून पीठ सांडलं. वर्षभर ह्या बाया त्याच्या दारात येत होत्या, पाटी देत होत्या, पीठ नेत होत्या. त्याच्याकडं बघून वैनी लई चांगल्या होत्या म्हणत होत्या, शेवाळाला नावं ठेवत होत्या. आणि त्याला वाटत होतं आपण त्यांच्यापासून झाकतोय. सगळं गाव एकमेकांपासून एकच गोष्ट झाकत होतं, आणि ती सगळ्यांना ठाऊक होती.

पण त्याहून मोठा धक्का पुढं होता. महानंदा पिठावर बोटानं रेघ ओढत म्हणाली, "तुमी किती चांगलं निभावलंत. वैनीला कुणी नाव ठिवलं न्हाय. माती झाली, जेवणं झाली. मला वाटलं माझंबी तसंच व्हईल. पाय घसरला म्हणतील. सासूला तरास न्हाय, ह्यांना न्हाय. दळूनबी ठेवते म्हणलं म्हैनाभराचं. कुणाचं काय अडणार न्हाय."

हे ती अशा आवाजात बोलली की जणू चुलीजवळ कुणाला पोळी कशी शेकायची सांगते आहे. मातीच्या दिवशी तो स्वामींच्या पायांवर रडला होता ते याच्यासाठी. ती कृपा. ते सांभाळून घेणं. ते सगळं ही पोर वर्षभर मनात घेऊन फिरत होती, कुणी आपल्यासाठी वाट झाडून ठेवावी तसं.

"न्हाय," तो म्हणाला. "निभावलं न्हाय. तू बाहेरून बघतीस. आत काय निभावलं न्हाय." त्याला आणखी खूप सांगायचं होतं. वातीचं, दारातल्या दोन घागरींचं, अजूनही दोघांचं पाणी भरून ठेवतो त्याचं. पण हे सांगून आपण तिच्यावर आपलंच ओझं टाकतोय हे त्याच्या लक्षात आलं, आणि तो थांबला. त्याला शांताक्काचं बोलणं आठवलं, समोरची ऐकायची ते. तो म्हणाला, "माझं ऱ्हाऊ दे. तू सांग. झोप येत न्हाय ना तुला?"

त्या एवढ्याशा प्रश्नानं तिला रडू फुटलं. मग ती बोलली. लेकीच्या दुपट्याचा वास गेला म्हणाली. धुतलं नव्हतं तरी गेला. दूध अजून भरून येतं म्हणाली, रात्री, आणि हे कुणाला सांगायचं. जिवाचा कंटाळा आला असं नाही, पण थांबावं वाटतं, नुसतं थांबावं. बंडप्पा पुरुषमाणूस, बरंचसं त्यानं कधी कुणा बाईच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. उठून जावं असं त्याला एकदाही वाटलं नाही. मधेच तिनं विचारलं, आता तुम्ही माझ्या सासूला सांगणार का. तो म्हणाला, तुला एकटं सोडणार न्हाय, आणि शांताक्काला सांगणार, तुझ्यासमोर सांगणार, मागं न्हाय. ती तिथंच बसून राहिली.

तोवर गिरणी थांबलेली बघून बाया दारात आल्या होत्या. मळ्यातनं दळण घेऊन आलेली सारजाबाई सगळ्यांत पुढं, तिच्यामागं आणखी दोघी-तिघी, आणि मागं शांतलिंग स्वामी. आवाज नाही म्हणून मागच्या घरातून शांताक्काही आली. सारजाबाईनं विचारलं, "काय झालं बंडप्पा, पट्टा तुटला व्हय?"

बंडप्पाच्या जिभेवर हो आलं होतं. किती सोपं होतं ते. पट्टा तुटला म्हटलं की सगळ्यांनी माना हलवल्या असत्या, पट्ट्याला नावं ठेवली असती, पाट्या उचलून घरी गेल्या असत्या. त्यानं महानंदाकडं पाहिलं. तिनं पदर तोंडाला लावला होता. तिचं नाव तो घेणार नव्हता. ते तिचं होतं. पण आपलं तर आपल्याला घेता येत होतं.

"पट्टा शाबूत हाय," तो म्हणाला. "म्याच बंद केलं. आणि एक सांगतो, समद्यांसमोर. माझ्या शिवगंगेचा पाय घसरला न्हवता. तिनं जीव दिला. मी वर्षभर खोटं बोललो."

कुणी तोंडावर हात ठेवला नाही. कुणी अगाई म्हणालं नाही. बाया जमिनीकडं बघत उभ्या राहिल्या. मग सारजाबाई, जी एरवी दळणाच्या रांगेवरून भांडल्याशिवाय राहत नसे, ती उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "माझ्या धाकट्या जावेचाबी न्हवता घसरला." तिच्यामागची एकजण म्हणाली, माझ्या चुलतीचा. तिसरी जवळच्या वाशी गावची होती, ती म्हणाली माझ्या दिराला साप चावला म्हणून सांगितलं, साप कुणी बघितलाच नाही. शांताक्का दाराच्या कडेला धरून उभी होती. ती म्हणाली आपली मावशी, आणि बंडप्पानं झटकन वर पाहिलं. ती मावशी त्याचीही मावशी होती, आणि तो तिला आजवर पटकीनं गेली समजत होता. नावं येत राहिली. एकीनं एक काढलं की दुसरीला आठवे. या लहानशा दारात एवढी गेलेली माणसं मावत नव्हती.

स्वामी मागं उभे होते. त्यांतल्या कितीतरी मातींना तेच गेले होते. कितीतरी वेळा त्यांनीच पहिल्यांदा ते वाक्य म्हटलं होतं. त्यांच्या हातातली झोळी खाली आली. म्हणाले, मी घराच्या भल्यासाठी म्हणत होतो. त्यांना कुणी बोल लावला नाही. मग ते कुणाकडंही न बघता म्हणाले, मी कधी मोजले नाहीत. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "हितून पुढं कुणाच्या गळ्यात दोरा दिसला न्हाय, तर मला येऊन सांगत जा."

सारजाबाई म्हणाली, "आमच्या गळ्यात दोरा नसतोच, स्वामी. आमचं कशावरून कळावं?"

बंडप्पा म्हणाला, "विचारून."

शांताक्का आत आली होती. तिनं महानंदाकडं पाहिलं, तिच्या गळ्याशी गेलेल्या हाताकडं पाहिलं, आणि काही न विचारता तिच्याजवळ बसली. बंडप्पानं तिला सांगितलं, महानंदाच्या समोर, ठरलं होतं तसं, हळू आवाजात. शांताक्कानं ऐकून घेतलं. मग वरच्या पेटीत हात घालून न दळलेली ज्वारी पाटीत काढून घेतली. बंडप्पा म्हणाला, दगड साफ करून दळून देतो उद्या. ती म्हणाली, तुझं इंजिन ऱ्हाऊ दे. गिरिजाबाईला निरोप धाड, सून आज माझ्याकडं हाय, आणि तुमीबी जेवायलाच या. विरुपाक्षाला सोलापूरला माणूस धाड. स्वामींनी महानंदाच्या घरी जाऊन लिंग घेऊन यायचं कबूल केलं आणि झोळी तिथंच ठेवून गेले. शांताक्कानं महानंदाचा दंड धरला, पाटी स्वतः काखेत घेतली, आणि दोघी मागच्या घरात गेल्या.

सोलापूरला निरोप घेऊन माणूस गेला. बाया हळूहळू पांगल्या. बंडप्पा एकटा राहिला. त्यानं पहार घालून वरचा दगड उचलला. मधे दाणे अडकले होते, निम्मे फुटलेले, निम्मे तसेच. तो ते बोटानं काढू लागला. मागच्या खोलीत काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला. कोपऱ्यातलं जातं. त्यावर रचलेले डबे कुणीतरी खाली ठेवले. मग घरघर सुरू झाली, आधी अडखळत, दोन हातांची लय जमेना म्हणून, मग जमली. घरघरीच्या खालून शांताक्काचा आवाज येत होता आणि मधे मधे दुसरा, बारीक. काय बोलतायत ते कळत नव्हतं. ते त्याच्यासाठी नव्हतं.

एकदम घरघर थांबली. बंडप्पा दगडाच्या कडेवर हात ठेवून तसाच उभा राहिला. काही ऐकू येईना, बोलणं नाही, पाऊल नाही. तो दाराकडं वळला, आणि मग मुठीतले दाणे जात्याच्या तोंडात पडल्याचा आवाज आला, आणि जातं पुन्हा फिरू लागलं.